वगळलेल्यांची वही

मराठी मजकुराची छोटी वेबसाइट चालवणाऱ्याला ॲशबर्न हे गाव कधी ना कधी भेटतंच. वाचक कुठून आले ते दाखवणाऱ्या तक्त्यात पुणे, मुंबई, ठाणे, नाशिक अशी नावं उतरत जातात आणि मध्येच, कोल्हापूरच्याही वर, अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातलं हे गाव ठाण मांडून बसलेलं असतं. आमच्या ऑनलाइन दिवाळी अंकाचे हिशेब मामा पाहतात. ते निवृत्त बँक निरीक्षक. त्यांना हा आकडा आवडला. त्यांची भाची पुण्यात जाहिरातींची मोजदाद करणाऱ्या कंपनीत आहे. तिला तो मुळीच आवडला नाही. जाहिरातदारांना पाठवायचं दरपत्रक बाजूला राहिलं आणि दोघांची जुंपली. संपादक म्हणून मध्ये पडणं माझं काम होतं. मी त्याऐवजी बोलणं उतरवून घेतलं.

भाची : ॲशबर्नचे ते वाचक नव्हेत, मामा. ती डेटा सेंटरं आहेत. लाउडन काउंटीत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बिनखिडक्यांच्या अवाढव्य इमारती आहेत नुसत्या. ॲमेझॉनच्या क्लाउडचा सगळ्यात जुना विभाग उत्तर व्हर्जिनियातलाच, 2006 पासूनचा. कुणीही तिथली जागा तासावर भाड्याने घेतो, तिच्यावर एक प्रोग्रॅम सोडतो, तो प्रोग्रॅम आपल्या अंकाचं पान उघडतो, आणि तक्त्यात ॲशबर्न उमटतं. काढून टाका ते.

मामा : आणि त्या गावात माणसं राहत नाहीत?

भाची : इमारतींत फार नसतात.

मामा : गावात म्हटलं मी. लाउडन काउंटीत भारतीय घरं किती आहेत ठाऊक आहे तुला? माझ्या शाखेतल्या एका सहकाऱ्याची मुलगी तिकडेच असते. नवरा सॉफ्टवेअरमध्ये, गणपतीला मोदकांचे साचे इथून नेते. यंत्रांचं गाव म्हणून तू जे खोडतेयस, नेमकं तिथेच मराठी माणूस असायची शक्यता आहे.

मला हे ठाऊक नव्हतं. यंत्रांची वस्ती आणि मराठी वाचकांची वस्ती एकाच पिनकोडात निघावी, हा योगायोगही म्हणता येत नाही. आपली माणसं संगणकाच्या कामाला गेली, ती संगणक होते तिकडेच गेली.

भाची : गावाच्या नावावर काट मारा असं मी म्हणतच नाही. तो अडाणी उपाय. मोठ्या क्लाउड कंपन्या आपल्या आयपी पत्त्यांचे पट्टे उघडपणे जाहीर करतात. ॲमेझॉनची तशी फाइल कुणीही उतरवून घ्यावी. भेट त्या पट्ट्यातून आली तर यंत्र. घरगुती इंटरनेट कंपनीच्या पट्ट्यातून आली तर तुझ्या सहकाऱ्याची मुलगी. प्लॉसिबल नावाची छोटी मोजणी सेवा हेच करते, डेटा सेंटरांचे हजारो पट्टे आधीच बाजूला काढते.

मामा : ती मुलगी दुपारच्या सुट्टीत ऑफिसच्या लॅपटॉपवर वाचत असेल तर?

याला भाचीनं लगेच उत्तर दिलं नाही, कारण प्रश्न वर्मी लागला होता. मोठ्या कंपन्या कर्मचाऱ्यांचं इंटरनेट सुरक्षेसाठी झीस्केलरसारख्या सेवेतून फिरवून बाहेर सोडतात. त्यामुळे न्यू जर्सीतल्या टेबलावरचा लॅपटॉप भलत्याच शहरातल्या डेटा सेंटरमधून बोलतोय असं दिसतं. परदेशातला मराठी वाचक बहुतेक नोकरदार, आणि दिवाळी अंक उघडायला ऑफिसइतकी निवांत जागा दुसरी नाही. आपल्याकडे साध्या फोनवर ऑपेरा मिनी वापरणाऱ्यांचंही तेच होतं. तो ब्राउझर पान आधी ऑपेराच्या सर्व्हरवर आणून दाबून लहान करतो, मग फोनवर पाठवतो. मोजणाऱ्याने पुरेशी काळजी घेतली नाही, तर सांगोल्याचा वाचक कुठल्या तरी सर्व्हरखोलीतला ठरतो.

भाची : जातात, काही खरे वाचक जातात. मी नाकारत नाही. पण मला विचारशील तर दहा खोटे मोजण्यापेक्षा एक खरा सुटलेला बरा. जाहिरातदार खोट्याचे पैसे देतो. सुटलेल्या वाचकाचं काय नुकसान होतं? अंक तर त्याने वाचलाच ना?

मामा : त्याचं होत नाही. पुढच्या वर्षी अंक काढायचा की नाही, हे ज्या आकड्यावर ठरतं त्याचं होतं.

भाची : मामा, तुझी अडचण अशी आहे की प्रत्येक नोंदीमागे कुणीतरी निदान दार उघडलं असेल असं तू धरून चालतोस. माणूस असो की यंत्र, आलं तर होतं. पण 2014 ते 2016 या काळात जो स्पॅम बोकाळला, त्यातले पाहुणे आलेच नव्हते.

मामा : न येता नोंद?

भाची : तीच तर मजा. मोजणी होते कशी ते बघ. पूर्वी, 1990 च्या दशकात, सर्व्हरची स्वतःची नोंदवही असायची. कोण आलं, काय मागितलं, सगळं तिच्यात. ॲनालॉग, वेबलायझर असले प्रोग्रॅम तीच वही वाचून तक्ते काढायचे. त्यात शोधयंत्रांचे बॉटही पडत, पण निदान आलेलाच पडे. मग पानात जावास्क्रिप्टचा तुकडा घालायची रीत आली. गूगलने 2005 मध्ये अर्चिन नावाची कंपनी घेतली आणि त्याच वर्षी गूगल ॲनालिटिक्स फुकट देऊ केलं. वाचकाच्या ब्राउझरमध्ये तो तुकडा चालतो आणि थेट गूगलला निरोप पाठवतो, की अमुक खातेक्रमांकाच्या साइटवर, अमुक पानावर, अमुक ठिकाणाहून एक जण आलाय. सुरुवातीला हे फार सोयीचं पडलं. त्या वेळचे बहुतेक बॉट जावास्क्रिप्ट चालवतच नसत, म्हणजे गाळणी आपोआप लागली.

मामा : निरोप कोण पाठवतंय हे गूगल तपासत होतं?

भाची : नव्हतं. तिथेच भोक पडलं. युनिव्हर्सल ॲनालिटिक्स या आवृत्तीत निरोप पाठवायचा उघड रस्ता ठेवला होता. हेतू चांगला होता, दुकानातला गल्ला, फोनवरची ऑर्डर, असं वेबसाइटबाहेरचंही मोजता यावं. किल्ली नाही, परवलीचा शब्द नाही. फक्त खातेक्रमांक हवा. आणि खातेक्रमांक म्हणजे यूए, मग एक आकडा, मग बहुधा एक. स्पॅमवाल्याने घरी बसून आकडे एकामागून एक लावायचे आणि प्रत्येकाला निरोप पाठवायचा. आपली साइट कशाबद्दल आहे, मराठी आहे की चिनी, हे त्याला कळायचं कारणच नाही. त्याने ती बघितलेलीच नाही.

मामा : मग त्याला मिळतं काय?

भाची : तुझं कुतूहल. निरोपात एक रकाना असतो, वाचक कुठल्या साइटवरून आला त्याचा, रेफरर म्हणतात त्याला. त्यात तो आपल्या साइटचं नाव घालतो. तू तक्ता बघतोस, म्हणतोस हे कोण आपल्याकडे वाचक पाठवतंय, आणि जाऊन बघतोस. झालं, तू त्याचं गिऱ्हाईक. त्या काळातलं सगळ्यात कुप्रसिद्ध नाव माहीत आहे? दारोदार डॉट कॉम.

मामा हसायला लागले. एकाही दारात पाऊल न टाकता दारोदार. नाव ठेवणाऱ्याच्या गावीही नसेल की जगात कुठेतरी ते असं वाचलं जाईल.

हसून झाल्यावर मामांनी विचारलेला प्रश्न मात्र निरीक्षकाचा होता. खोटी पावती फाडणाऱ्याला खऱ्या पावतीवरची कुठली गोष्ट माहीत नसते? भाचीचा चेहरा खुलला. तिचा सगळा धंदा याच प्रश्नावर उभा आहे.

भाची : घराचं नाव. खरा वाचक पान उघडतो तेव्हा ते पान कोणत्या डोमेनवर होतं तेही निरोपात आपोआप जातं. स्पॅमवाला नुसते आकडे लावतोय, अमुक आकडा कुणाच्या साइटचा हे त्याला ठाऊक नाही. म्हणून तो रकाना तो मोकळा सोडतो किंवा भलतंच नाव टाकतो. मग फिल्टर साधा झाला. ज्या नोंदीत आपलं स्वतःचं डोमेन आहे तेवढीच ठेवायची. स्पॅमवाल्यांची शेकडो नावं एकेक करून अडवत बसायची गरजच नाही. तो उद्या नवं नाव घेईल, तरी आपलं नाव त्याला सांगता येणार नाही.

मामा : हे मला पटलं. चोरांची यादी ठेवण्यापेक्षा घरच्यांची ठेवायची.

भाची : बघ, पटलं ना!

मामा : थांब. आपलं पान दुसऱ्याच्या नावाखाली उघडतं असं कधी होतच नाही?

भाची : (नाइलाजाने) होतं. गूगल ट्रान्सलेटमधून वाचलं की पान गूगलच्या भाषांतराच्या डोमेनवर उघडतं. नोंदीत आपलं नाव येत नाही, त्यांचं येतं.

मामा : म्हणजे तिकडे जन्मलेला नातू, ज्याला मराठी बोलता येतं पण वाचता येत नाही, त्याने आजोबांची कथा भाषांतर करून वाचायचा प्रयत्न केला, तर तो तुझ्या हिशेबात भूत.

भाची : भाषांतराचं डोमेन यादीत घालता येतं, मामा. सुचलं तर.

मामा : सुचलं तर!

मला वाटतं, सगळ्या वादाचं मूळ त्या दोन शब्दांत आहे. कुठलाही फिल्टर लावणाऱ्याच्या डोक्यात वाचकाचं एक चित्र असतं, आणि त्या चित्रात न बसणारा माणूस यंत्रांच्या ढिगात पडतो. पुण्यात किंवा कॅलिफोर्नियात बसून नियम लिहिणाऱ्याला भाषांतरातून वाचणारा नातू सुचेलच असं नाही. माउस न हलवता फक्त कीबोर्डवर आणि स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमवर विसंबणारा अंध वाचकही सुचेलच असं नाही. माणसासारखं वागणं म्हणजे काय, हे धडधाकट आणि घाईत असलेल्या कुणीतरी ठरवलेलं असतं.

भाची मात्र इतक्यात हार मानणारी नव्हती. नोव्हेंबर 2016 चा किस्सा तिने काढला. ब्राउझर कोणत्या भाषेत लावलाय हे सांगणारा एक रकाना असतो. एरवी त्यात दोन-चार अक्षरांची सांकेतिक खूण येते. अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीच्या दिवसांत जगभरच्या साइटमालकांना त्या रकान्यात एक अख्खं वाक्य दिसू लागलं. त्यात गूगलचं गुप्त आमंत्रण होतं आणि ट्रम्पना मत द्या असा आदेश. वाक्यातला गूगलचा पत्ताही खोटा होता. पहिलं अक्षर नेहमीचं मोठं जी नव्हतं, तसंच दिसणारं दुसरंच एक लिपिचिन्ह होतं. वर, हे पाहुणे कुठून आले त्या रकान्यात रेडिटसारख्या सज्जन साइटींची नावं टाकलेली.

भाची : तेव्हा लोकांनी घाईत रेडिटच अडवलं. मग रेडिटवरून येणारे खरे वाचकही गेले. शहाण्यांनी काय केलं? भाषेची खूण एवढी लांब नसते, तिच्यात टिंब आणि उद्गारचिन्ह नसतं. रकान्यात पंधरा अक्षरांहून जास्त मजकूर आला की नोंद बाद. साधा, स्वच्छ नियम. यात तुझा कुठला नातू मरतो?

मामा : एकही नाही. हा नियम चांगला आहे. का चांगला आहे सांगू? तू तो मला सांगू शकलीस. मी तो तपासू शकतो. माझं भांडण वगळण्याशी नाहीच आहे.

भाची : मग कशाशी?

मामा : बँकेच्या वहीत चूक सापडली तर खोडरबर चालत नाही. आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, बाजूला सही. काय खोडलं, कुणी खोडलं, दोन्ही उरलं पाहिजे. तुमच्या फिल्टरात सही कुठे असते?

इथून बोलण्याची दिशा बदलली. वर आवाजही चढला.

मामांना हवी असलेली सही काही काळ होती. युनिव्हर्सल ॲनालिटिक्समध्ये फिल्टर लावला की बाद झालेली नोंद कायमची गेली, मागे जाऊन परत आणता येत नसे. म्हणून जाणकार सांगत की एकच खातं तीन प्रकारे बघा. एक काहीही न गाळलेलं, एक प्रयोगाला, एक कामाचं. न गाळलेली वही कपाटात पडून राही. 1 जुलै 2023 ला त्या आवृत्तीने नवी नोंद घेणं थांबवलं आणि वर्षभराने जुन्या नोंदीही पुसल्या गेल्या. ज्यांनी उतरवून ठेवल्या नव्हत्या त्यांची कच्ची वही गेली, पक्कीही गेली.

भाची : आता जीए फोर ही गूगल ॲनालिटिक्सची नवी आवृत्ती आहे. तिथे तुला डोकं लावायचं कारणच नाही. पूर्वी, 2014 च्या जुलैमध्ये, माहीत असलेले बॉट वगळा असा एक चौकोन दिला होता, त्यात खूण करावी लागे. आता ते आपोआप होतं. गूगलचं स्वतःचं संशोधन आणि त्याच्या जोडीला आंतरराष्ट्रीय बॉटयादी. ती यादी जाहिरात उद्योगाची आयएबी ही संस्था आणि एबीसी मिळून ठेवतात.

मामा : एबीसी म्हणजे वर्तमानपत्रांचा खप तपासणारी?

भाची : ब्रिटनमधली, 1931 ची. आपल्याकडची 1948 ची वेगळी, पण जात तीच.

मामा : मग तिच्याकडून शिका की. आपल्याकडे एबीसीचा आकडा छापून येतो तेव्हा परत आलेले अंक वजा झालेले असतात आणि किती वजा झाले ते मालकाला ठाऊक असतं. पटलं नाही तर तो वह्या काढून भांडू शकतो. तुझ्या जीए फोरमध्ये आपल्या अंकाच्या किती भेटी वगळल्या हे मला कुठे दिसेल?

भाची : दिसणार नाही.

मामा : हे वगळणं बंद करता येतं?

भाची : नाही.

मामा : यादी वाचता येते?

भाची : वर्गणी भरून. आणि गूगलचं संशोधन कुणालाच नाही. मामा, ते दाखवत नाहीत त्याला कारण आहे. कुलूप कसं उघडतं हे दारावर लिहून ठेवतोस का तू?

मग तिने मेथबॉटची गोष्ट सांगितली, आणि ती सांगण्यासारखीच आहे. अलेक्सांद्र झुकोव नावाच्या रशियन माणसाने 2014 ते 2016 या काळात अमेरिका आणि नेदरलँड्समधल्या डेटा सेंटरांत एकोणीसशेहून अधिक सर्व्हर भाड्याने घेतले. त्यांवर नकली माणसं चालवली. ती माउस हलवत, पान सरकवत, व्हिडिओ लावून मध्येच थांबवत, फेसबुकवर लॉगिन असल्याचा आव आणत. लाखो आयपी पत्ते घेऊन त्यांची नोंद अशी केली की ते अमेरिकन घरांतल्या इंटरनेटचे वाटावेत. म्हणजे भाचीचा तो डेटा सेंटरांच्या पट्ट्यांचा फिल्टर त्यांना अडवूच शकला नसता. जाहिरातदारांनी न पाहिलेल्या जाहिरातींचे 70 लाख डॉलरहून जास्त मोजले. झुकोवला 2018 मध्ये बल्गेरियात पकडलं, आणि ब्रुकलिनच्या न्यायालयाने नोव्हेंबर 2021 मध्ये दहा वर्षांची शिक्षा दिली. स्वतःला तो भामट्यांचा राजा म्हणवत असे.

भाची : माउस का हलवला त्याने? कारण माउस न हलवणारा पकडला जातो, हे जगजाहीर झालं होतं म्हणून. आमच्या प्रत्येक उघड नियमाचा पुढच्या महिन्यात कुणीतरी अभ्यास करून येतो.

मामा : आणि तो उघडा कसा पडला?

भाची : व्हाइट ऑप्स नावाच्या कंपनीने शोधला, डिसेंबर 2016 मध्ये.

मामा : शोधून काय केलं? तिजोरीत ठेवलं?

भाची : ...पत्त्यांची यादी छापली. सगळ्यांसाठी.

मामा काही बोलले नाहीत. बोलायची गरज नव्हती.

पण भाचीकडे आणखी एक पान होतं, आणि माझ्या मते त्या दिवसातलं सगळ्यात वजनदार. मेथबॉटच्या पाठोपाठ दुसऱ्याच एका टोळीचा कारभार उघडकीला आला, 2018 मध्ये. लिहिताना तीनच्या आकड्यापुढे व्ही आणि ई, उच्चार ईव्ह. त्यांनी फक्त भाड्याच्या सर्व्हरवर विसंबणं सोडलं होतं. व्हायरस पसरवून लोकांच्या घरातले 17 लाख संगणक ताब्यात घेतले आणि मालकाच्या नकळत, पडद्याआडच्या ब्राउझरमध्ये पानं उघडली. पत्ता खरा, घर खरं, कदाचित त्याच घरात त्याच संगणकावर खरा वाचकही. आता त्या पत्त्याचं काय करायचं? ठेवला तर चोर मोजला जातो, वगळला तर घरमालक. उघड यादीचा इथे काही उपयोग नाही, कारण यादीत नाव घालायचं तर निरपराध माणसाचं घालावं लागतं. अशा वेळी एकेका भेटीचे बारकावे जुळवून अंदाजच करावा लागतो. तो अंदाज कसा केला हे सांगितलं की निकामी होतो. मामांची सही इथे मागता येईल असं मला वाटत नाही. भाचीला ते मी सांगितलं नाही, तिने आधीच एक समोसा जास्त घेतला होता.

मामा : सगळं उघडं करा असं मी म्हटलंच नाही. रीत झाकून ठेवा, आकडा दाखवा. एवढ्या भेटी आल्या, एवढ्या आम्ही वगळल्या. एवढं सांगितल्याने कुठल्या चोराला किल्ली मिळते?

भाची : ॲडोबीच्या ॲनालिटिक्समध्ये तसं आहे. बॉटच्या नोंदी वेगळ्या कप्प्यात, त्यांचा वेगळा तक्ता. पण ते मोठ्या कंपन्यांचं महागडं प्रकरण.

मामा : फुकटात काहीच नाही?

भाची : माटोमो आहे. पूर्वीचं पिविक, 2018 पासून हे नाव. ते स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येतं. खोट्या रेफररची त्यांची यादी म्हणजे साधी मजकुराची फाइल, एका ओळीत एक डोमेन, गिटहबवर उघडी. कुणीही नाव सुचवावं, पुरावा द्यावा, हरकत घ्यावी.

मामा : मग हेच तर मी मघापासून म्हणतोय!

भाची : त्यातही खोट आहे. रेफररच्या रकान्यात कुणीही कुणाचंही नाव घालू शकतो, रेडिटचं घातलं तसं. उद्या आपल्यावर डूख धरून कुणी आपल्या अंकाचं नाव हजार साइटींच्या तक्त्यांत पेरलं, तर त्या उघड्या यादीत आपण.

मामा : पण निदान तिथे आपलं नाव आहे हे आपल्याला कळेल. हरकत घेता येईल. गूगलच्या यादीत आपण आहोत का, सांग बरं.

भाचीने खांदे उडवले. मग तिने मोठा आकडा काढला. इम्पर्वा कंपनीच्या अहवालाप्रमाणे 2024 मध्ये वेबवरची 51 टक्के वर्दळ यंत्रांची होती, दहा वर्षांत पहिल्यांदाच माणसांहून जास्त. अर्ध्याहून अधिक दुनिया खोटी असताना एका नातवासाठी अडून बसायचं का? मामांनी एकच विचारलं, ही इम्पर्वा विकते काय? बॉट अडवायची साधनं, भाची म्हणाली आणि स्वतःच हसली. आकडा खोटा आहे असं मामांना म्हणायचं नव्हतं. मोजणारा कोण आणि त्याचं पोट कशावर चालतं, हे आकड्याशेजारी लिहा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. भाचीची कंपनीही त्याच बाजारात आहे, हे दोघांनाही माहीत होतं. कुणी उच्चारलं नाही.

भाची : जीए फोरमध्येही स्पॅम घुसतोच, ते जाऊ दे. 2024 च्या सुरुवातीला पोलंडमधून आल्यासारखे दिसणारे असेच खोटे पाहुणे कितीतरी जणांच्या तक्त्यांत शिरले होते. पण पुढची गंमत वेगळीच आहे. ओपनएआयचा जीपीटीबॉट 2023 पासून साइटींवरचा मजकूर नेतोय. असे बॉट सहसा आपला मोजणीचा तुकडा चालवत नाहीत. म्हणजे आपला अंक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचणारा बहुधा तोच, आणि तक्त्यात त्याचं नावही नाही. दिसलाच तर सर्व्हरच्या जुन्या नोंदवहीत. आता तर चॅटजीपीटीचा एजंट स्वतः ब्राउझर चालवून पानं उघडतो. तो मोजणीत येऊ शकतो. उद्या तुझ्या सहकाऱ्याची मुलगी म्हणेल, आईला वाचून दाखवायला एखादी चांगली विनोदी कथा शोधून आण. तो एजंट येईल, चार कथा चाळेल, एक घेऊन जाईल. हा वाचक की यंत्र?

मामा : कथा आईपर्यंत पोचली?

भाची : पोचली.

मामा : मग वाचक.

भाची : जाहिरात कुणी बघितली?

मामा : कुणी नाही.

भाची : मग माझ्या हिशेबात शून्य. तुझ्या हिशेबात एक. आणि दोघंही बरोबर. आता सांग, दरपत्रकावर काय लिहू?

मामांनी माझ्या हातातला कागद ओढून घेतला, आडवी रेघ मारली, आणि खाली दोन ओळी आखल्या. मोजलेल्या भेटी. वगळलेल्या भेटी.

भाची : दुसऱ्या ओळीत काय भरणार? गूगल आकडाच देत नाही.

मामा : तसंच लिही. कळवलेले नाही.

भाची : जाहिरातदार विचारेल, हे काय.

मामा : विचारू दे. सांगू.

भाची : तो विचारणार नाही, मामा. शेजारचा अंक एकच आकडा छापतो, तोही ॲशबर्न धरून. तो जाहिरात तिकडे देईल.